सातव्या मजल्यावरची फट

फट माझीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझ्यामागे कुजबुजायला नको. भिंत मी उभी केली, फरशी मी घातली आणि दोघींच्या मध्ये बोटभर जागा राहिली तीही माझ्याच हातून. मुद्दाम नाही हो, विसरले. त्याआधी पंधरा वर्षं मी खऱ्या घरांचे नकाशे काढत होते, तेव्हा एक भिंत कधी अधांतरी राहिली नाही. राहिली असती तर गवंड्यानेच येऊन चारचौघांत माझी लाज काढली असती. कॉम्प्युटरमधल्या घरात गवंडी नसतो. भिंत बिनबोभाट हवेत तरंगते आणि खालून उजेड येतो.

माझा धाकटा भाऊ व्हिडिओ गेम बनवतो आणि त्याच्या गेममधली घरं मी बांधते. खोल्या, जिने, खिडक्या, कुंड्या, पायपुसणी, सगळं माझं. आम्ही चौघंच आहोत. धाकटा गेम रचतो आणि त्यातल्या माणसांची बोलणी लिहितो. प्रोग्रामर ही दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारी बाई, त्यातली आठ 'चालेल' एवढीच असतात. आणि चौथा जाहिरात बघणारा, त्याला मी नगारा म्हणते. तोंडावर म्हणते. त्याला ती स्तुती वाटते.

गेमचं नाव 'जिना'. नऊ मजल्यांची इमारत आहे, लिफ्ट बंद पडली आहे आणि खेळणारा म्हणजे त्या लिफ्टचा लिफ्टमन. आता लिफ्टच नाही तर लिफ्टमनने करायचं काय? तर तो पायांनी वर-खाली करत लोकांच्या वस्तू, चिठ्ठ्या, निरोप पोचवतो. दार वाजवायचं, कुणीतरी उघडतं, दोन शब्द बोलतं. मारामारी नाही, राक्षस नाही, घड्याळ मागे लागलेलं नाही. ऐकायला अळणी वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण धाकट्याने ती माणसं अशी लिहिली आहेत की पाचव्या मजल्यावर अबोला धरलेल्या दोन बहिणींचे निरोप पोचवताना, सगळं आधी माहीत असून, मी दोनदा पदराने डोळे पुसले. चार वर्षं लागली याला.

त्या इमारतीतलं प्रत्येक दार उघडतं. एक सोडून. सातव्या मजल्याच्या वळणावर एक हिरवं दार आहे, मूठ जरा वाकडी. ते दार नाहीच, चित्र आहे. तिथली भिंत ओकीबोकी दिसत होती म्हणून आमच्या घरच्या बाथरूमच्या दाराचा फोटो काढला आणि तसंच बनवून चिकटवलं. वाकड्या मुठीसकट. त्याच्या मागे लिफ्टची रिकामी पोकळी, आणि पोकळीत मी टांगलेला एक दिवा. लिफ्टच्या जाळीची सावली जिन्यावर पडावी म्हणून टांगलेला. काय सुरेख सावली पडते माहितीये? ती एका मेल्याने पाहिली नाही. पाहिलं काय, तर दाराखालून येणारी पिवळी रेघ.

गेम बाजारात यायच्या तीन महिने आधी आम्ही दीड मिनिटांचा ट्रेलर सोडला. त्यात ती रेघ जेमतेम तीन सेकंद दिसते. पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं, 'सातव्या मजल्यावरच्या दारामागे दिवा का चालू आहे?' दुसऱ्या दिवशी दोनशे जणांनी विचारलं. आठवड्याभरात त्यावर तासतासभराचे व्हिडिओ निघाले. एकाचं म्हणणं, लिफ्ट बंद पडलेलीच नाही, कुणीतरी तिला आत कोंडून ठेवलंय. एकीचं म्हणणं, लिफ्टमन कधीच मेलाय आणि त्या खोलीत त्याचं राहिलेलं आयुष्य जळतंय. एका विद्वानाने मुठीच्या वाकडेपणाचा कोन मोजला. चौदा अंश. तळमजल्यावर टपालाच्या पेट्या चौदा! बस, त्यावर चाळीस पानी चर्चा. अहो, ती मूठ वाकडी आहे कारण माझा नवरा दोन वर्षं 'रविवारी बसवतो' म्हणतोय.

नगाऱ्याला तर आभाळ ठेंगणं झालं. त्याने पोस्टर काढलं. काळा कागद, खाली पिवळी रेघ आणि वर तीन शब्द: 'दारामागे काय आहे?' ना गेमचं नाव, ना जिना, ना माणसं. गेमची वाट बघणाऱ्यांचा आकडा दोन हजारांवरून दोन लाखांवर गेला. एका मासिकाने आमचा गेम 'वर्षातली सर्वांत मोठी रहस्यं' या यादीत घातला. एका पठ्ठ्याने, गेम आलेला नसताना, खेळलेला नसताना, त्याला दहापैकी साडेनऊ देऊनही टाकले. बाजारात तुरी, दुसरं काय!

मग धाकट्याची मुलाखत झाली. मुलाखत घेणारीने सगळ्यात आधी दाराचंच विचारलं. तो गालातल्या गालात हसला आणि म्हणाला, "वेळ आली की कळेल." मी घरी भाजी चिरत ते ऐकलं आणि मनात म्हटलं, वा! म्हणजे याने तिथे काहीतरी योजलंय तर. माझी फट याच्या कामी आली. बरं झालं, आता तोंड उघडायला नको.

हे मी मनात म्हटलं ना, तिथेच माझं चुकलं.

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात? एक दार. पण तुम्हाला धाकट्याचा पहिला गेम माहीत नाही. सात वर्षांपूर्वी त्याने 'पैलतीर' नावाचा गेम केला होता. नदी, एक होडी, लोकांना या काठावरून त्या काठावर सोडायचं. गोड गेम होता. पण तेव्हाच्या जाहिरातवाल्यांनी पाण्याचं एक चित्र घेतलं आणि खाली लिहिलं, 'जन्मभर पुरेल असं पाणी!' झालं, लोक समुद्रच धरून चालले. लढाया, बेटं, गलबतं, देवमासे. आणि गेम आल्यावर बघतात तो नदी! ती पण अरुंद. काय काय बोलले लोक. एकाने लिहिलं होतं, 'गेम चांगला आहे, पण मी ज्याची वाट बघत होतो तो हा नाही,' आणि खाली एक तारा. ते वाक्य धाकट्याला पाठ झालं. वर्षभराने काही जणांना तो गेम असाच, काही न ऐकता हाती लागला, आणि त्यांनी काय सुंदर पत्रं लिहिली! तोवर धाकटा एका गोदामात खोकी मोजायला लागला होता. तीन वर्षं त्याने गेम हा शब्द उच्चारला नाही. जेवायला बसला तरी खाली मान. चौथ्या वर्षी एक दिवस आला आणि म्हणाला, "ताई, एक लिफ्टमन आहे," तेव्हा मी नकाशांची नोकरी सोडली. हा गेमही तसाच आपटला तर हा पोरगा तिसरा करणार नाही, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं.

गेम यायला अकरा दिवस उरले होते. सकाळी आम्ही चौघं टेबलाशी बसलो होतो, चहा झाला होता, नगारा नव्या पोस्टरचं पुराण सांगत होता. प्रोग्रामरने वहीतून डोकं वर काढलं.

"ते हिरवं दार," ती म्हणाली, "उघडायचा कोड कुणी लिहिलाय?"

मी धाकट्याकडे पाहिलं. धाकटा माझ्याकडे बघत होता.

"तू नाही लिहून घेतलास?" मी विचारलं.

"मी कशाला? तुझं दार आहे ते."

"माझं? अरे, वेळ आली की कळेल असं तू म्हणालास ना मुलाखतीत?"

"हो, म्हणजे मलाही कळेल असं!" धाकटा म्हणाला. "मला वाटलं, तुझं ते लाल बटण तिथे असेल. तू दर गेममध्ये लपवतेस आणि मला सांगत नाहीस."

हे खरं आहे. लहानपणी याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण कधी जागेवर नसायचं. रोज सकाळी शाळेत जाताना मी याला दारात उभं करून बटण लावायची, लाल दोऱ्याने, बहुतेक वेळा लाल बटणच, कारण घरात तीच उरलेली असायची. तेव्हापासून मी जे घर बांधते त्यात एक लाल बटण टाकते. 'पैलतीर'ची होडी मी नोकरी सांभाळून रात्री बांधली होती, तिच्यात फळीखाली होतं.

"बटण आहे," मी म्हटलं. "पण तिथे नाही."

"मग कुठे आहे?"

"ते तू शोध. आता दाराचं बोल."

आम्ही दोघांनी नगाऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक. "मला वाटलं तुम्हा दोघा भावंडांचं काहीतरी ठरलेलं आहे," तो म्हणाला. "मी तर ते सगळ्यांपासून कसोशीने लपवत होतो."

"काय लपवत होतास?"

"तेच, जे मला माहीत नव्हतं ते."

मग मी सांगितलं. फट, दिवा, पोकळी, बाथरूमच्या दाराचा फोटो, सगळं. दोन लाख माणसं ज्या दारापुढे रांग लावून उभी होती त्याच्या मागे साठ वॉटचा एक दिवा होता, तोही खोटा. बडा घर पोकळ वासा म्हणतात ना, आमच्याकडे तर वासाही नव्हता.

नगारा म्हणाला, "फट बुजवून टाकू." लगेच स्वतःच म्हणाला, "नको, मग म्हणतील ट्रेलरमध्ये खोटं दाखवलं." मी म्हटलं, खोली बांधते, दोन दिवस जागते. प्रोग्रामरने मान हलवली. "परवा गेम परीक्षकांकडे जातो. नवी खोली आता नाही. आवाज एखादा घालता येईल." एका दमात तीन वाक्यं, म्हणजे परिस्थिती किती गंभीर ते समजा.

"आणि खोली बांधून तरी काय ठेवणार आत?" धाकटा हळूच म्हणाला. "त्यांनी मनात जे ठेवलंय, त्याच्यापुढे काहीही ठेवलं तरी ती नदीच."

मग तो उठला, कापड आणलं आणि कीबोर्ड पुसायला लागला. आधी स्वतःचा, मग माझा. मग किल्ल्यांच्या मधली धूळ काडीने काढायला लागला. मला धडकीच भरली. 'पैलतीर'च्या वेळी असंच झालं होतं. चार दिवस साफसफाई केली आणि पाचव्या दिवशी गोदामात नाव नोंदवून आला. मला स्वतःचा इतका संताप आला की घरी येताना मी एका अनोळखी भिंतीकडे वाकून बघितलं, जमिनीला टेकली आहे का म्हणून. टेकली होती.

घरात शिरले तर सासूबाई 'जिना' खेळत बसलेल्या. शहात्तर वर्षांच्या आहेत. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, आवाज अजून खणखणीत. दुपारची झोप झाली की माझ्या टेबलाशी बसतात आणि दोन तास लिफ्टमन होतात. ट्रेलर पाहिलेला नाही, पोस्टर पाहिलेलं नाही, कुणाचं मत वाचलेलं नाही. "पस्तीस वर्षं लोकांची बोलणी ऐकली, आता पुरे," म्हणतात.

मी पिशवी टाकली आणि त्यांच्या शेजारी बसले. "आई, सातव्या मजल्यावरचं ते हिरवं दार पाहिलंत तुम्ही?"

"पाहिलं की. आपल्या बाथरूमचं आहे. मूठ तशीच ठेवलीस, निदान तिथे तरी सरळ करायचीस."

"खालून उजेड येतो तेही पाहिलंत?"

"मोतीबिंदू काढलाय माझा, दिसतं मला."

"मग तुम्हाला कधी वाटलं नाही, आत काय असेल?"

सासूबाईंनी गेम थांबवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पहिल्यांदा मिठाऐवजी साखर घातली तेव्हा पाहिलं होतं. "अगं, बाथरूमच्या दाराखाली उजेड दिसतोय म्हणजे आत कुणीतरी गेलंय. दारात ताटकळत उभं राहतं का कुणी? आठव्या मजल्यावरचा तो म्हातारा चष्म्यावाचून खोळंबला होता. मी गेले पुढे."

मग मला हसू आलं ते आवरेना. सासूबाईंना वाटलं उन्हाने डोकं फिरलं, त्यांनी पाणी आणून दिलं. मी पाणी न पिता धाकट्याला फोन लावला. "कापड ठेव खाली," म्हटलं, "आणि माइक घेऊन घरी ये. सगळ्यांना घेऊन ये."

अर्ध्या तासात तिघं हजर. मी सासूबाईंना बाथरूममध्ये स्टूल टाकून बसवलं, हातात माइक आणि वाक्यं लिहिलेला कागद दिला, दिवा लावला, दार लावून घेतलं. दाराखालून पिवळी रेघ आली. प्रोग्रामर तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग मी नगाऱ्याला पुढे ढकललं. "तू इतके दिवस लोकांना विचारतोयस ना दारामागे काय आहे? वाजव आता."

"ताई, हे बरोबर नाही," तो कुजबुजला. "दोन लाख माणसं..."

"वाजव!"

त्याने भीतभीत टकटक केलं. आतून आवाज आला, टाइल्समुळे चांगला घुमलेला: "आत आहे मी!"

धाकट्याने भुवया वर केल्या. मी नगाऱ्याला खूण केली. त्याने पुन्हा वाजवलं.

"अहो, आत आहे म्हटलं ना! ऐकू येत नाही का?"

तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा सासूबाईंनी मी दिलेला कागद बाजूला ठेवला असावा, कारण पुढचं माझं नव्हतं. "कोण आहे रे तिकडे? लिफ्टमन का? केव्हाचा उभा आहेस! या दारात काय ठेवलंय? पाचव्या मजल्यावर त्या दोघी बहिणी तुझी वाट बघतायत, त्यांचं भांडण मिटवलंस का? आठव्याला चष्मा दिलास? आणि येताना जिन्यावर जाळीची सावली पडते ती पाहिलीस का? नाही ना? कशी पाहशील, सगळं लक्ष माझ्या दाराकडे! जा, कामं कर आपली. मला वेळ लागेल."

"सॉरी आजी," नगारा म्हणाला आणि खरंच दोन पावलं मागे सरला.

धाकटा हसायला लागला. आधी नाकातून, मग भिंतीला टेकून, मग खाली बसून. सात वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. आतून सासूबाई ओरडल्या, "झालं का? माझे पाय आखडले!" त्यावर तो आणखीच हसला. माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि ती हसण्याची नव्हती, हे कबूल करते.

"पण ताई, लोक चिडतील," तो डोळे पुसत म्हणाला.

"चिडू देत. नदीला नदी म्हणून सांगितलं असतंस तर तेव्हाही कमी चिडले असते. आपण निदान त्यांना तिथून हाकलून जिन्यावर तरी पाठवतोय."

त्याने प्रोग्रामरकडे पाहिलं. प्रोग्रामर म्हणाली, "चालेल."

दुसऱ्या दिवशी, धाकट्याला न सांगता, मी सासूबाईंना परत स्टुलावर बसवलं आणि आणखी चार वाक्यं बोलून घेतली. ती चौथ्यांदा दार वाजवलं तरच ऐकू येतात. प्रोग्रामरने तीही घातली, एक अक्षर न विचारता. अशी माणसं मिळायला भाग्य लागतं.

गेम आला त्या दिवशी सकाळी दहाला परीक्षणं उघडी झाली. नगारा उभा राहून मोठ्याने वाचायला लागला. पहिलंच: 'तीन महिने वाट बघितली आणि आत म्हातारी! एक तारा.' दुसरं: 'हे हिरवं दार म्हणजे आधुनिक माणसाच्या एकटेपणाचं आजवरचं सर्वांत खोल दर्शन. पाच तारे.' अरे बाबा, बाथरूम आहे ते! तिसरं: 'सावली पाहिली. खरंच सुंदर आहे. मी दारासमोर उभा होतो तोवर दिसलीच नव्हती.' त्यावर मी नगाऱ्याच्या हातातून फोन ओढून घेतला आणि तेवढं परत वाचलं. चौदा अंशवाल्या विद्वानाने मात्र जाहीर केलं की म्हातारी हा मुद्दाम टाकलेला चकवा आहे, खरं रहस्य टपालाच्या पेट्यांत आहे. त्याला कोण समजावणार! आणि दुपारपर्यंत जी शेकडो मतं आली त्यात मला सगळ्यात आवडलेलं मत एका बाईचं. 'मुलाने लावून दिला. सगळे कुठल्याशा दाराबद्दल बोलतायत, मला तर ते आठवतही नाही. मी सकाळपासून पाचव्या मजल्यावरच आहे. माझ्याही बहिणीशी सहा वर्षं बोलणं नव्हतं. आत्ता फोन केला.'

हे ऐकायला धाकटा कुठे होता? खिडकीच्या काचा पुसत होता. पहिला एक तारा ऐकला तेव्हाच उठून गेला होता.

मी जाऊन त्याच्या हातातलं कापड हिसकावलं. "इकडे बस."

"ताई, मला वाचायचं नाही काही."

"वाचायला कोण सांगतंय? खेळ. स्वतःचा गेम स्वतः कधी खेळलायस? चुका शोधत नाही, खेळत. लिफ्टमन होऊन."

कुरकुरत बसला. तळमजल्यावरून निघाला. तिथे आरशात लिफ्टमन दिसतो, खाकी कोट, वरून दुसरं बटण तुटलेलं. ते त्यानेच तसं काढलंय आणि का, ते कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. वर जात जात तो पाचव्यावर थांबला, सहाव्यावर थांबला, जाळीच्या सावलीत जरा उभा राहिला. मग सातव्याचं हिरवं दार. त्याने वाजवलं. आत आहे मी. वाजवलं. ऐकू येत नाही का. वाजवलं. जा, कामं कर आपली. तो हसला आणि वळायला लागला.

"अजून एकदा वाजव," मी म्हटलं.

"तीनच आहेत, ताई."

"वाजव म्हटलं ना!"

त्याने वाजवलं. सासूबाईंचा आवाज या वेळी जरा मऊ होता, एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला एखाद्या घाबरलेल्या माणसाशी बोलत असतील तसा. "तू अजून इथेच? बरं, ऐक. तुझ्या कोटाचं बटण तुटलंय ना, ते चौथ्या मजल्यावरच्या तुटक्या कुंडीत पडलंय. घेऊन जा, असं उघड्या छातीने हिंडू नकोस." आणि फोनची लाइन तोडल्यासारखा टक् आवाज झाला.

धाकट्याचा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तीन मजले उतरला, एकही पायरी न चुकवता. चौथ्याच्या कोपऱ्यात तुटकी कुंडी, सुकलेली माती, मातीत लाल बटण. त्याने हात लावला आणि ते लिफ्टमनच्या खिशात गेलं. एवढंच होतं. ना बक्षीस, ना वाजंत्री.

"चार वर्षं इथे होतं?" त्याने विचारलं.

"पहिली कुंडी ठेवली त्या दिवसापासून."

"मी रोज इथून गेलोय, ताई."

"सगळेच जातात," मी म्हटलं, आणि त्याच्या डोक्यावर टपली मारली, कारण नाहीतर मी रडले असते आणि मग तो पण रडला असता आणि नगारा तर आधीच रडत होता.

याला आता दोन महिने झाले. आमचे तारे साडेतीन आहेत. न पाच, न एक. धाकट्याने परवा टेबलाशी बसून सांगितलं, "ताई, एक रात्रीचा पहारेकरी आहे," आणि मी नवा नकाशा काढायला घेतला. नगाऱ्याला ताकीद दिली आहे की पोस्टरवर पहारेकरी दिसला पाहिजे, पूर्ण, कंदिलासकट, आणि प्रश्नचिन्ह एकही नको. तो हिरमुसला, पण 'बरं' म्हणाला. आणि तो चौदा अंशवाला? तो अजून टपालाच्या पेट्या मोजतोय. देव त्याचं भलं करो.

कालच प्रोग्रामर 'जिना'तल्या राहिलेल्या चुकांची यादी घेऊन बसली होती. एकेक वाचत खोडत होती. शेवटी तिने मान वर केली. "सातवा मजला. भिंतीखालची फट. बुजवू?"

मी तोंड उघडायच्या आत धाकटाच म्हणाला, "काही बुजवू नकोस. आजी आत आहेत ना, अंधारात बसवतेस का त्यांना?"